एका खेळाची चोवीस वर्षं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, राजोडी. भाषण बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे, फक्त लिहून देताना थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी बजावून सांगितलंय की नोकरी, फ्लॅट आणि मुलांचे मार्क यांबद्दल कोणी बोलायचं नाही, आपल्या एखाद्या छंदाबद्दल बोलायचं. आमच्या एका मैत्रिणीने आत्ताच बोन्सायवर सुंदर सांगितलं. माझा छंद त्या मानाने जरा चमत्कारिक आहे. मी घरी कॉम्प्युटरवर आगगाडी चालवतो. सकाळी नालासोपाऱ्याहून अंधेरीला लोकलने जायचं, संध्याकाळी त्याच लोकलने धक्के खात परत यायचं, आणि जेवण झालं की पुन्हा आगगाडीच! माझ्या बायकोला हे अजून पटलेलं नाही. तुम्हालाही पटावं असा आग्रह नाही. पण एकच खेळ चोवीस वर्षं कसा वाढत गेला, मधेच कसा बंद पडला आणि लोकांनी तो कसा उचलून धरला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

या खेळाचं नाव मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर. तो २००१ मध्ये आला. मायक्रोसॉफ्टसाठी तो इंग्लंडच्या कुजू एंटरटेनमेंट या कंपनीने बनवला होता. त्यात गाडी चालवायला सहा मार्ग होते: दोन अमेरिकेतले, एक इंग्लंडमधला, एक ऑस्ट्रियातला आणि दोन जपानमधले. भारतातला एकही नव्हता. जगातल्या सगळ्यात मोठ्या रेल्वेंपैकी एक आपल्याकडे, आणि खेळात आपलं एकही स्टेशन नाही!

पण त्या सीडीत एक गोष्ट अशी होती की तिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. कंपनीने खेळाबरोबर मार्ग बनवायची साधनंही देऊन टाकली होती. शिवाय इंजिनाची सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली होती. नोटपॅडमध्ये ती फाइल उघडली की समोर दिसायचं: वजन इतकं, ताकद इतकी, जास्तीत जास्त वेग इतका, घर्षण इतकं, ब्रेक इतका. आकडा बदला, फाइल सेव्ह करा, गाडी वेगळी चालते. आपल्याला सरांनी भौतिकशास्त्रात वस्तुमान, बल आणि त्वरण शिकवलं होतं. मला ते मार्कांपुरतं कळलं होतं. खऱ्या अर्थाने कळलं ते या फाइलीत वजनाचा आकडा दुप्पट केला आणि गाडी फलाट सोडून पुढे गेली तेव्हा. सर, उशीर झाला, पण कळलं.

लोकांनी अशा बदललेल्या किंवा नव्याने बनवलेल्या गोष्टींना मॉड म्हणायला सुरुवात केली. बघता बघता जगभरचे हौशी लोक आपापल्या गावचे मार्ग आणि आपापल्या देशाची इंजिनं बनवू लागले. भारतीयांनीही सुरुवात केली. डब्ल्यूडीएम-२ हे आपलं जुनं डिझेल इंजिन, मग डब्ल्यूएपी-४, डब्ल्यूएपी-७ ही विजेची इंजिनं, निळे डबे, राजधानीचे डबे, हळूहळू सगळं येऊ लागलं. माहितीचा तुटवडा नव्हता, कारण रेल्वेवेड्या लोकांची आयआरएफसीए ही मंडळी आधीपासून होती. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी ती १९८९ मध्ये सुरू केली. कुठलं इंजिन कुठल्या शेडचं, त्याचा गिअर रेशो किती, हे त्या लोकांना तोंडपाठ असतं.

अडचणी मात्र मजेदार होत्या. पहिली अडचण रुळांची. खेळातले रूळ परदेशी मापाचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. आपलं अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे आपलं इंजिन हुबेहूब बनवून ठेवलं तर चाकं रुळाच्या बाहेर! मग एक तर इंजिनाची चाकं आत सरकवा, नाही तर रूळच नवे बनवा. काहींनी पहिला मार्ग धरला, काही चिकाटीच्या लोकांनी दुसरा.

दुसरी अडचण जमिनीची. खेळातली पृथ्वी २०४८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांची बनलेली असते. प्रत्येक चौकोनात जमीन कुठे उंच, कुठे सखल, हे भरावं लागतं. भारताचे बारीक नकाशे तेव्हा सहज मिळत नव्हते. पण फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली होती, आणि ती माहिती पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा चढ कॉम्प्युटरवर उभा करायचा तर अशी उंचीची माहिती लागतेच. आपल्या वसईच्या पट्ट्याला तिचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडे भाताची खाचरं, मिठागरं आणि खाडी, सगळं सपाट. पण नायगाव आणि भाईंदरच्या मधली खाडी, तिच्यातलं पाणजू बेट आणि दोन्ही बाजूंचे पूल बनवायचे म्हटलं तर रात्री पुरत नाहीत. हा मी अनुभवाने सांगतो.

आता खेळाचं पुढे काय झालं ते सांगतो. लोक दुसऱ्या भागाची वाट पाहत होते. मायक्रोसॉफ्टने तो जाहीर केला आणि २००४ मध्ये रद्द केला. मग २००७ मध्ये पुन्हा नव्याने जाहीर केला. या वेळी तो त्यांचा स्वतःचा एसेस स्टुडिओ बनवणार होता, विमानांचा प्रसिद्ध फ्लाइट सिम्युलेटर बनवणारे तेच लोक. जानेवारी २००९ मध्ये तो स्टुडिओच बंद झाला. मंदीचं वर्ष होतं. आमच्यासारखे लोक दोनदा स्टेशनवर येऊन बसले आणि दोन्ही वेळा उद्घोषणा झाली, ‘यात्रीगण कृपया ध्यान दें.’

पहिला खेळ बनवणाऱ्या कुजूने २००७ मध्ये रेल सिम्युलेटर नावाचा वेगळा खेळ आणला. त्यातूनच पुढे रेलवर्क्स आणि मग ट्रेन सिम्युलेटर अशी मालिका झाली. ती देखणी आहे, पण तिथे प्रत्येक मार्ग, प्रत्येक इंजिन विकत घ्यायचं. ज्यांना परवडलं ते तिकडे गेले. ज्यांच्याकडे जुन्या खेळासाठी वर्षानुवर्षं जमवलेले मार्ग आणि इंजिनं होती, त्यांना ते सगळं टाकून देणं जड जात होतं. आपल्याकडे वाडी विकून विरारला टॉवरमध्ये जाणारे आहेत आणि चार गुंठे का असेनात, केळी लावणारेही आहेत. तसंच म्हणा.

त्या दुसऱ्या प्रकारच्या लोकांनी ओपन रेल्स सुरू केलं. कल्पना साधी होती. मायक्रोसॉफ्टचा खेळ बंद पडला तरी त्याच्यासाठी लोकांनी बनवलेले मार्ग आणि गाड्या वाचू शकेल असा नवा प्रोग्राम आपणच लिहायचा, तो फुकट द्यायचा, आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला ठेवायचा. कोणी पगारी नाही. वेगवेगळ्या देशांतले लोक संध्याकाळी आपापलं काम संपल्यावर थोडं थोडं लिहितात. १.० ही आवृत्ती यायला २०१५ उजाडलं. म्हणजे मूळ खेळानंतर चौदा वर्षं! त्यानंतरही सुधारणा थांबलेल्या नाहीत. मूळ खेळात विजेचं इंजिन म्हणजे पेंटोग्राफ वर, पेंटोग्राफ खाली, एवढंच होतं. ओपन रेल्समध्ये सर्किट ब्रेकर आला, व्हॅक्युम ब्रेक आणि एअर ब्रेकचं वागणं वेगळं झालं, इंजिनाची केबिन सपाट फोटोऐवजी सगळ्या बाजूंनी बघता येऊ लागली. त्याची माहितीपुस्तिका काही शे पानांची आहे. मी ती वाचतो तेव्हा माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, शाळेत एवढा अभ्यास केला असता तर?’ आज इथे बसलेल्या बाईंनाही हाच प्रश्न पडला असेल.

या चोवीस वर्षांत खेळ वाढला, तशी आपली खरी लाइनही बदलत गेली. मला यातली खरी गंमत इथे वाटते. आपली लाइन किती जुनी आहे ते आठवून बघा. विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ ला सुटली. तेव्हा इंजिन वाफेचं. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत. ती वीज १५०० व्होल्टची डीसी. विरारच्या पुढे डहाणू, सुरतकडे नंतर २५,००० व्होल्टची एसी आली. म्हणजे विरार ही दोन विजांची सरहद्द होती. ती ओलांडण्यासाठी चित्तरंजनच्या कारखान्यात दोन्ही विजांवर चालणारं डब्ल्यूसीएएम-१ हे खास इंजिन तयार केलं गेलं. सुरतेकडून येणाऱ्या गाड्या आपण लहानपणी बघायचो, त्यांतल्या कितीतरी गाड्यांना हेच इंजिन असायचं. आपल्याला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

ही सरहद्द जुन्या खेळात मावत नव्हती. मार्गाच्या फाइलीत तारेतल्या व्होल्टेजसाठी एकच आकडा लिहायची सोय आहे. अख्खा मार्ग एक तर डीसी, नाही तर एसी. विरारच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी वीज असू शकते, हे इंग्लंडात बसून खेळ लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. आम्ही विचार करत बसलो की हे कसं दाखवायचं. तोवर रेल्वेनेच प्रश्न सोडवला! टप्प्याटप्प्याने पश्चिम रेल्वेची सगळी उपनगरी लाइन एसी झाली, २०१२ च्या फेब्रुवारीत ते काम पुरं झालं आणि विरारची ती सरहद्द पुसली गेली.

बाकीचे बदल तुम्हाला माहीत आहेत. २००७ च्या अखेरीस पांढऱ्या-जांभळ्या नव्या लोकल आल्या. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. २५ डिसेंबर २०१७ ला पहिली एसी लोकल धावली. मॉड बनवणाऱ्याची यात दमछाक होते. तो एक डबा पुरा करतो, तोवर रेल्वे तो डबा काढून टाकते. पण याची दुसरी बाजूही आहे. आपण कॉलेजला ज्या गाडीने गेलो, ती पिवळ्या-तपकिरी रंगाची, निघताना विशिष्ट घरघर करणारी डीसी लोकल आता धावत नाही. तिचे फोटो मिळतात. पण ती वेग कसा घ्यायची, स्टेशनात शिरताना कशी आवाज करायची, हे फोटोत नाही. ते कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधल्या फाइलीत आहे, कारण त्या वेळी कुणीतरी डब्यात बसून टेप रेकॉर्डर चालू ठेवला होता.

आता थोडं गंभीर बोलतो.

या खेळात प्रत्येक फलाटाच्या नोंदीत एक आकडा असतो: इथे किती प्रवासी वाट पाहत आहेत. त्या आकड्यावरून गाडी किती वेळ थांबणार ते ठरतं. मी एकदा दादरसाठी संध्याकाळच्या गर्दीचा अंदाजे आकडा टाकून बघितला. गाडी हलेचना. खेळाच्या हिशोबात माणसं शिस्तीत एकामागून एक चढतात, आणि सगळी चढल्याशिवाय गाडी सुटत नाही. खऱ्या दादरला गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही, आणि तेवढ्यात किती माणसं चढतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ खेळात माणसं चढली तरी गाडीचं वजन वाढत नाही. आपल्याच वर्गातला एक मित्र मोटरमन आहे. आज तो इथेच बसलाय, नाव घेऊ नको म्हणालाय. मी त्याला माझी लोकल घरी चालवायला दिली. त्याने नालासोपारा ते वसई चालवली आणि म्हणाला, ‘ही दुपारी तीनची गाडी आहे. सकाळी आठची अशी नसते. भरलेली गाडी हाताला जड लागते. ती उशिरा वेग घेते आणि तिला थांबवायचं गणित वेगळं.’

त्या रात्री मी हिशोब मांडला. आपल्या लोकलच्या गर्दीसाठी इंजिनिअर लोकांनी एक खास शब्दच तयार केलाय, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. एका चौरस मीटरमध्ये! आपल्या वर्गात दोन बाकांना जेवढी जागा लागायची, तेवढ्यात आपला अर्धा वर्ग. बारा डब्यांच्या गाडीत पाच हजार माणसं धरली आणि सरासरी साठ किलो वजन धरलं, तर नुसत्या माणसांचं वजन ३०० टन होतं. म्हणजे मोटरमनच्या मागे दोन-तीन मोठी इंजिनं अजून जोडल्यासारखंच. मग मी त्या गाडीच्या दोन फाइली केल्या, एक रिकामी आणि एक भरलेली. मित्राने पुन्हा येऊन दुसरी चालवली. तो काहीच बोलला नाही, वसईला बरोबर फलाटाच्या खुणेवर गाडी थांबवली आणि चहा मागितला. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे.

पण भरलेल्या गाडीची फाइल केली तरी खेळातल्या डब्यात कोणी दिसत नाही. दरवाजे मोकळे, दाराशी लटकणारं कोणी नाही. दरवर्षी मुंबईच्या लोकलमधून पडून आणि रूळ ओलांडताना माणसं जातात. या हॉलमध्ये असा एकही माणूस नसेल की ज्याच्या ओळखीचं कोणी असं गेलेलं नाही. सिम्युलेशन म्हणजे खऱ्यासारखं, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं, हे बनवणाराच ठरवतो. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी गाडी मोजली. विरारला राहणाऱ्या माणसाने बनवली असती तर त्याने आधी माणसं मोजली असती. म्हणून मला वाटतं की आपल्या भागाच्या गोष्टी आपल्याच लोकांनी बनवाव्यात. बाहेरच्याची नजर वाईट असते असं नाही, त्याला सकाळी आठची गाडी माहीत नसते, एवढंच.

आणखी एक काळजी सांगतो. या छंदात कितीतरी काम हरवलं. लोकांनी रात्री जागून बनवलेले मार्ग, आवाज, सिग्नल फुकटच्या जागांवर ठेवले होते. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. याहू ग्रुप्स २०२० मध्ये बंद झाले. बनवणारे नोकरीत, संसारात अडकले, काही या जगातून गेले, आणि त्यांच्या फाइली कुणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर उरल्या तर उरल्या. दुसरीकडे, काही लोकांनी दुसऱ्यांची कामं सीडीवर भरून विकली, बनवणाऱ्याचं नाव काढून. मॉडबरोबर एक छोटी फाइल असते, ‘मला वाचा’ अशा अर्थाची. त्यात बनवणारा लिहितो की हे मी बनवलं, आवाज अमक्याने दिला, फोटो तमक्याने काढला, वापरा पण विकू नका. पैसे कोणालाच मिळत नाहीत. ते चार ओळींतलं नाव एवढीच कमाई असते. ते नावही काढून टाकलं, की पुढचा माणूस कशासाठी बनवेल?

आजची मुलं हा जुना खेळ खेळत नाहीत. त्यांच्या मोबाइलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया आहे. तो २०१७ चा, तिकडच्या मालेओ कंपनीचा. त्यात आपली मुलं एसटीच्या लाल बसचं रूप चढवून इंडोनेशियाच्या रस्त्यावर लालपरी पळवतात. माझा भाचा त्यात ‘नालासोपारा ते राजोडी’ अशी पाटी लावून जकार्तात फिरतो. तो दहावीत आहे, त्यामुळे त्याच्या आईला हे सांगू नका. पण ती पाटी त्याने स्वतः मराठीत, नीट अक्षरात लिहिली होती, हे मला आवडलं.

शेवटी एक विनंती, आणि त्यासाठीच मी खरं म्हणजे माइक घेतला. मी विरार ते वसई या पट्ट्याचा १९९५ च्या सुमाराचा मार्ग बनवतोय, आपण दहावी झालो तेव्हाचा. तीन वर्षं झाली, अजून नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेची बाजू पुरी झाली नाही. तेव्हा तिकीटघर नक्की कुठे होतं, टांगे कुठल्या बाजूला उभे राहायचे, पुलाच्या पायऱ्या कशा होत्या, भाजीच्या टोपल्या घेऊन बायका पहिल्या गाडीला कुठे उभ्या असायच्या, यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच चार मतं आहेत. तुमच्या घरी जुने अल्बम असतील. लग्नाच्या, सहलीच्या फोटोंत मागे कुठेतरी स्टेशन, एसटी, रस्ता असेल. फोटोतली माणसं मला नकोत, मागची भिंत हवी! कुणाच्या कॅसेटमध्ये लोकलचा भोंगा, वाडीतल्या रहाटाची करकर, आपल्या शाळेची घंटा चुकून रेकॉर्ड झाली असेल तर तीही हवी. कुणाकडे जुना सीझन पास असेल तर त्याचा फोटो पाठवा.

जे देतील त्यांचं नाव मी त्या ‘मला वाचा’ फाइलीत लिहीन. शिक्षकांची नावं सगळ्यात वर. आणि मार्ग पुरा झाला की तो सगळ्यांना फुकट मिळेल. भरलेल्या गाडीसकट.

सर, बाई, तुम्ही आम्हाला ऐकून घेतलंत, तेव्हाही आणि आजही.  आता जेवण तयार आहे असा मागून इशारा झालाय, त्यामुळे मी इथेच गाडी थांबवतो.